साडेचार फुटांचा टर्नर आणि १२७ दात्यांचं चाक

लेथवर उभं राहणारा आदर्श माणूस कसा असावा? १९६९च्या सुमारास ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्डच्या अभ्यासकांनी हा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला. वापरातल्या एका लेथची चाकं, दांडे आणि मुठी कुठे कुठे आहेत ते त्यांनी मोजलं आणि हे सगळं सहज हाताशी येण्यासाठी शरीर कसं लागेल याचा हिशेब केला. उत्तर आलं: उंची साडेचार फूट, खांदे दोन फूट रुंद आणि दोन्ही हात फैलावले की आठ फूट! आपल्या सगळ्यांचा हातांचा फैलाव साधारण उंचीएवढाच असतो. म्हणजे त्या मशीनला जुळणारा माणूस जगात कुठेच नव्हता आणि टर्नर मात्र आठ-आठ तास वाकून काम करत होते.

सुरतेजवळच्या पांडेसरा आणि सचिन या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधोमध असलेल्या भेस्तानमध्ये हा हिशेब महत्त्वाचा आहे. आजूबाजूला पॉवरलूम आणि प्रोसेसिंग मिल. त्यांचे शाफ्ट, बुश, रोलर झिजणार आणि कुठल्यातरी लेथवर चढणार. खानदेशातून ताप्ती लाइननं येऊन इथं स्थिरावलेल्या मराठी घरांत लेथ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रो-हाउसच्या तळमजल्यावर स्वतःचा छोटा लेथ बसवायचा असेल, तर कारखान्यात चालून जाणाऱ्या चुका घरी करू नयेत.

पहिली गोष्ट उंचीची. चकची मध्यरेषा साधारण तुमच्या कोपराच्या उंचीला हवी. बेंच-लेथ घरातल्या टेबलावर ठेवला की ती बहुतेकदा खाली राहते आणि संध्याकाळी कंबर बोलू लागते. स्टँड उंच करा. घरात दुसरं कुणी बुटकं माणूस काम करणार असेल तर त्याच्यासाठी पायाखाली लाकडी फळ्या. स्टँड मात्र भक्कम हवा. पाया वाकडा असेल तर बेडला पीळ बसतो आणि सरळ जॉबसुद्धा निमुळता निघतो.

क्रॉस-स्लाइडचा डायल वाचण्याआधी तो काय मोजतो ते विचारा. टूल १ मिलिमीटर आत गेलं की व्यास २ मिलिमीटर कमी होतो, कारण कापणं चारी बाजूंनी होतं. काही डायल टूलची चाल दाखवतात, काही थेट व्यासातली घट. जुनं मशीन घेताना एक कट मारून मोजल्याशिवाय खात्री धरू नये. आणि आकडा चुकून ओलांडला तर तेवढंच मागे फिरवून चालत नाही; स्क्रू आणि नटमधली ढील आधी संपवावी लागते. चांगलं मागे जाऊन पुन्हा पुढे या.

आता माझं सगळ्यात आवडतं चाक. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६चा, पण जुन्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, अनेकदा इंचांतला, एका इंचात चार आटे. त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर चेंज-गिअरमध्ये १२७ दात्यांचं चाक लागतं. का? कारण इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, म्हणून ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. १२७ ही मूळ संख्या. दोन लहान चाकांत तिची फोड होत नाही. त्यामुळे ते थोराड चाक टाळता येत नाही. शिवाय असे आटे पाडताना कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा हाफ-नट मध्येच उघडायचा नाही, नाहीतर पुढचा कट जुन्या खाचेत बसत नाही. टूल बाहेर काढायचं आणि मोटर उलटी फिरवून कॅरेज परत आणायचं. चक आट्यांवर बसवलेला असेल तर तेही सावकाश, कारण झटक्यानं उलटं फिरवलं तर चक सुटून येऊ शकतो.

हेन्री मॉडस्ले यानं लंडनमध्ये १८००च्या सुमारास आटे पाडणारा लेथ नावारूपाला आणला. पुढे जवळजवळ शतकभर प्रत्येक पिचसाठी चाकं हातानं बदलली जात. दांडा सरकवून पिच बदलणारा गिअरबॉक्स अमेरिकेत वेंडेल नॉर्टन यानं १८९०च्या दशकात पेटंट केला. आपल्याकडचे टर्नर आजही त्याला नॉर्टन गिअरबॉक्सच म्हणतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानं १९४१मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली. तिचे टर्नमास्टर लेथ अजून अनेक शेडमध्ये चालताना दिसतात. सुरतेच्या माणसाला नवं मशीन बघायला राज्याबाहेर जावं लागत नाही; लेथ बनवणाऱ्यांसाठी राजकोट प्रसिद्धच आहे.

टूलची टोकउंची तपासायला उपकरण नको. जॉब आणि टूलच्या टोकामध्ये पातळ स्टीलपट्टी हलकेच दाबा. ती उभी राहिली तर टूल मध्यावर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर.

टेलस्टॉकमधलं ड्रिल आट्यांशिवाय घट्ट धरतो तो मोर्स टेपर, फुटाला जेमतेम पाच-अष्टमांश इंच निमुळता, केवळ घर्षणावर. हातोडा मारू नका. चाक पूर्ण मागे फिरवा, ड्रिल आपोआप सुटतं.

घरात सिंगल फेजच येतो, म्हणून थ्री-फेज मोटर सोडून देऊ नका. योग्य व्हीएफडी २३० व्होल्टचा सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देतो आणि वेगही बटणानं बदलतो. फक्त मोटर २३० व्होल्टवर डेल्टा जोडणीत चालणारी हवी.

चक-की चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, एक क्षणही नाही. हातमोजे, अंगठी, लोंबती बाही, ओढणी, सगळं बाजूला. लांब चिपा हातानं ओढू नयेत, आकडीनं काढाव्यात. आणि लाल स्टॉप बटण अशा जागी बसवा, की ते दाबायला फिरत्या चकवरून हात न्यावा लागणार नाही. पायानं दाबायची ब्रेकपट्टी जोडता आली तर त्याहून चांगलं, कारण अडचणीच्या वेळी दोन्ही हात बहुधा कामातच असतात.