डेट्रॉइटचा डॅन आणि चौथा डाऊन

डेट्रॉइट

जानेवारी 2021 मध्ये डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा हेड कोच पहिल्यांदा पत्रकारांसमोर आला आणि म्हणाला, आम्हाला कुणी खाली पाडलं तर उठता उठता आम्ही त्याच्या गुडघ्याची वाटी चावून घेऊ. पुन्हा पाडलं तर दुसरी. डॅन कॅम्पबेल, वय 44, मूळचा टेक्सासचा, आडवातिडवा, घोगऱ्या आवाजाचा गडी. देशभरच्या टीव्ही स्टुडिओंमध्ये त्यावर आठवडाभर करमणूक झाली. डेट्रॉइटकरही हसले, पण त्यांचं हसणं सवयीचं होतं. नव्या कोचने यायचं, गर्जना करायची आणि दोनतीन वर्षांत गाशा गुंडाळायचा, हे इथं ठरून गेलेलं.

लायन्सने शेवटची अजिंक्यपदं मिळवली ती पन्नासच्या दशकात. 1957 ची अखेरची. हेन्री फोर्डचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांनी 22 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे ज्या दिवशी केनेडींना गोळ्या घातल्या त्याच दिवशी, संघ विकत घेण्याचं पक्कं केलं. तो योगायोग इथले म्हातारे अजून अपशकुन म्हणून सांगतात. 1957 नंतर कॅम्पबेल येईपर्यंत प्लेऑफमधला म्हणजे बाद फेरीतला एकच विजय, तोही जानेवारी 1992 चा. बॅरी सँडर्स आणि कॅल्विन जॉन्सन हे दोन असामान्य खेळाडू ऐन उमेदीत खेळ सोडून घरी बसले. 2008 मध्ये लायन्सने सोळाच्या सोळा सामने हरून दाखवले. त्याआधी असं कुणाला जमलं नव्हतं. त्या 2008 च्या संघात कॅम्पबेल स्वतः खेळाडू होता. ही गोष्ट त्याच्या परिचयपत्रात बसणारी नाही, पण डेट्रॉइटमध्ये तिला किंमत आहे.

आता थोडं लायन्सच्या एनएफएल या लीगविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाजारपेठेचं अहोरात्र नामस्मरण करणारा हा देश आपला सर्वांत लाडका खेळ मात्र सहकारी साखर कारखान्यासारखा चालवतो. एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. टीव्हीच्या राष्ट्रीय कंत्राटांचा पैसा सगळ्यांना समान वाटला जातो, आणि 2021 मध्ये झालेली ही कंत्राटं 11 वर्षांसाठी सुमारे 110 अब्ज डॉलरची आहेत. न्यूयॉर्कच्या संघाला जितका वाटा, तितकाच लाखभर वस्तीच्या ग्रीन बेला. खेळाडूंच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नाही, कारण खालची श्रेणीच नाही. आणि दर एप्रिलमध्ये कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते, त्या ड्राफ्टमध्ये आधीच्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाचा नंबर पहिला लागतो. आपल्या आयपीएलसारखी बोली लागत नाही. जो हरला, त्याने आधी उचलायचं.

इतकी सोय असताना कुणी साठ वर्षं तळाशी कसा राहू शकतो? माझ्या मते सोयीमुळेच. मालकाला तोटा होत नाही, त्यामुळे हरल्याचा सगळा राग कोचवर काढता येतो. त्यात धोरण असेलच असं नाही. 2017 च्या मोसमात जिम कॉल्डवेल यांनी लायन्सला 9 विजय, 7 पराभव अशी कामगिरी करून दिली, तर त्यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी न्यू इंग्लंडहून आलेल्या मॅट पॅट्रिशिया यांची 2020 च्या नोव्हेंबरमध्ये, तिसऱ्या मोसमाच्या मध्यातच, गच्छंती झाली.

कॅम्पबेलला सहा वर्षांचा करार मिळाला, आणि लगेच संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाकडे गेला. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, अर्ध्या खेळाचा सूत्रधार. स्टॅफर्डने इथं 12 वर्षं काढली होती. बदल्यात रॅम्सने ड्राफ्टमधले पहिल्या फेरीच्या दोन आणि तिसऱ्या फेरीच्या एका निवडीचे हक्क दिले, शिवाय स्वतःला नकोसा झालेला जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक. वर्षभरात स्टॅफर्डने रॅम्सला सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकून दिला. डेट्रॉइटमध्ये त्याचं कौतुकही झालं आणि घशात आवंढाही आला.

इकडे 2021 चा पहिला मोसम म्हणजे छळ होता. सप्टेंबरमध्ये बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने 66 यार्डांवरून मारलेली किक आडव्या दांडीवर आपटली, वर उडाली आणि पलीकडे पडली. तोवर एनएफएलच्या इतिहासात इतक्या लांबून गुण मिळवणारी किक कुणी मारली नव्हती, आणि लायन्स 19-17 हरले. दोन आठवड्यांनी मिनेसोटाविरुद्ध पुन्हा 19-17, पुन्हा अखेरच्या किकवर. त्या सामन्यानंतर हा गुडघे चावणारा माणूस पत्रकारांसमोर रडला. खेळाडूंनी इतकं झोकून द्यावं आणि हाती काही लागू नये, हे त्याला सहन होत नव्हतं. डोळे पुसत त्याने उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. अमेरिकेत कोचने पराभवानंतर ठरलेली वाक्यं बोलायची असतात: चित्रफीत पाहू, सुधारणा करू, पुढच्या सामन्याकडे लक्ष. यातलं काही न करता तो नुसता हुंदका गिळत बसला, आणि मला वाटतं, त्या दिवशी या शहराने त्याला आपल्यात घेतलं.

पहिला विजय यायला 5 डिसेंबर उजाडला. त्याच आठवड्यात शहराच्या उत्तरेला ऑक्सफर्ड इथल्या शाळेत गोळीबार होऊन चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले होते. मिनेसोटाविरुद्धच शेवटच्या क्षणी अमॉन-रा सेंट ब्राऊनने चेंडू झेलला, टचडाऊन झाला, 29-27. विजयानंतरचा मानाचा चेंडू कॅम्पबेलने ऑक्सफर्डच्या लोकांना अर्पण केला आणि मृत व जखमी मुलांची नावं एकेक करून वाचली. मोसम संपला तेव्हा 3 विजय, 13 पराभव, 1 बरोबरी.

दुसरा मोसम त्याहून वाईट सुरू झाला. ऑक्टोबर 2022 मध्ये 1 विजय, 5 पराभव. दोन मोसमांचा हिशेब मांडला तर 23 सामन्यांत 4 विजय. कॉल्डवेल यांना ज्या गावाने नऊ विजयांवर नारळ दिला, त्या गावात आता काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण 2020 पासून मालकी विल्यम फोर्ड यांची मुलगी शीला फोर्ड हँप यांच्याकडे आली होती. त्या पत्रकारांसमोर आल्या आणि कोच व जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स या दोघांवर आपला विश्वास असल्याचं सांगून गेल्या. पुढचाही सामना लायन्स हरले. मग मात्र उरलेल्या दहापैकी आठ जिंकले. अखेरच्या रात्री ग्रीन बेमध्ये लायन्सचं प्लेऑफचं दार सामन्याआधीच बंद झालं होतं, जिंकून पदरात काही पडणार नव्हतं. तरी ते जिंकले, 20-16, आणि ग्रीन बेलाही प्लेऑफबाहेर ढकललं.

या खेळातली कॅम्पबेलची खरी ओळख चौथ्या डाऊनवर होते. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येकाला डाऊन म्हणतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही की शहाणे कोच चौथ्यावर पाय वापरतात: एकतर लांब किक मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याला दूरवर देऊन टाकायचा, किंवा गोल आटोक्यात असेल तर खांबांमधून मारून तीन गुण घ्यायचे. कॅम्पबेल चौथ्यावरही पुढे घुसतो. फसलं तर चेंडू जागच्या जागी समोरच्याला. लोक याला टेक्सासची मस्ती समजतात. खरं तर गेल्या काही वर्षांत आकडेमोड करणारे अभ्यासक कंठशोष करून हेच सांगत आहेत, की कोच चौथ्या डाऊनवर नको तितके घाबरतात. फसलेल्या धाडसाबद्दल नोकरी जाते, भित्र्या किकबद्दल जात नाही, म्हणून. कॅम्पबेलचं गणित कागदावरचं कमी आणि माणसांचं जास्त असावं. ज्या पोरांना उठून चावायला शिकवलं, त्यांना ऐन वेळी बसा म्हणायचं कसं?

2023 मध्ये 12 विजय, 5 पराभव, आणि 1993 नंतर पहिल्यांदाच विभागाचं विजेतेपद. 14 जानेवारी 2024 ला फोर्ड फील्डवर तीस वर्षांतला घरचा पहिला प्लेऑफ सामना झाला. समोर रॅम्स, आणि त्यांच्याकडून खेळायला स्टॅफर्ड. त्याची हुर्यो झाली आणि रॅम्सने टाकून दिलेल्या गॉफच्या नावाचा घोष सुरू झाला. लायन्स जिंकले, 24-23. पुढच्या रविवारी टँपा बेवर मात. सुपर बोल एका सामन्यावर आला.

28 जानेवारी, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. मध्यंतराला लायन्स 24-7 ने पुढे. तिसऱ्या सत्रात 24-10 असताना चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत, चेंडू समोरच्यांच्या 28 यार्डांच्या रेषेवर. सुमारे 46 यार्डांची किक मारली असती तर सतरा गुणांची आघाडी परत आली असती. कॅम्पबेलने पुढे जायला सांगितलं. गॉफने नीट फेकलेला चेंडू जॉश रेनॉल्ड्सच्या हातून सुटला. मग एका लायन्स खेळाडूच्या शिरस्त्राणावरून उसळलेला चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या हातात अलगद गेला, पाठोपाठ लायन्सच्या हातून निसटलेला चेंडूही त्यांनीच उचलला, आणि बघता बघता 24-24. शेवटच्या सत्रात तीन गुणांनी मागे असताना तीच वेळ पुन्हा आली. चौथा डाऊन, तीन यार्ड. किक मारून बरोबरी साधायची सोडून कॅम्पबेल पुन्हा पुढे गेला. पुन्हा फसला. अखेर 34-31.

सामन्यानंतर तो म्हणाला, की त्या निर्णयांचा पस्तावा नाही. आणि खेळाडूंना त्याने सांगितलं, की इथवर येण्याची ही कदाचित एकच संधी असेल. दुसऱ्या कोचने पुढच्या वर्षी याहून पुढे जाऊ असं सांगितलं असतं. देशभरचे समालोचक त्याच्यावर तुटून पडले. डेट्रॉइटमध्ये मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी खांदे उडवले: याच डाऊनांनी तर आणलं होतं इथपर्यंत. मला स्वतःला दुसरी किक मारायला हवी होती असं वाटतं. ट्रॉय, नोव्हाय या उपनगरांत वाहन उद्योगातले मराठी इंजिनिअर बरेच आहेत; त्यांच्या चहापानात हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यांची इथं वाढलेली, निळ्या जर्सीतली मुलं आईबापांना भित्रं ठरवतात.

एप्रिल 2024 मध्ये ड्राफ्टचा सोहळा याच शहरात भरला. ज्या महानगरपालिकेने 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती, तिच्या कँपस मार्शियस आणि हार्ट प्लाझा या चौकांत तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक आले. ड्राफ्टच्या गर्दीचा हा तोवरचा उच्चांक. सोहळ्याच्या तोंडावर कॅम्पबेल आणि होम्स यांचे करार 2027 पर्यंत वाढवले गेले. वर्षानुवर्षं सर्वांत आधी निवड करणाऱ्यांत बसलेल्या लायन्सचा नंबर या वेळी एकोणतिसावा होता; पुढे सरकायला त्यांना दुसऱ्या संघाशी सौदा करावा लागला.

2024 चा मोसम 8 सप्टेंबरला घरच्याच मैदानावर सुरू झाला, पुन्हा रॅम्सशी. तिकीट मिळेल का, हा वेगळा प्रश्न होता. वार्षिक तिकिटं 2023 मध्येच संपली होती, प्रतीक्षायादी लागली होती, आणि 2024 मध्ये दर चांगलेच चढले. शून्य विजयांच्या वर्षी डोक्यावर कागदी पिशवी घालून का होईना पण येऊन बसणारे जुने प्रेक्षक तेवढ्यावरूनच मालकीणबाईंवर चिडले. कोचवर कुणी चिडलं नाही.