फुंकर आणि पाट

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आठवतो. याच जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे मोटारीच्या नजरेने सहसा कोणी पाहत नाही. एक, कुंभकोणमजवळच्या नरसिंगम्पेट्टै गावात घडणारं नागस्वरम. दुसरी, कावेरीचं पाणी वाटणारं कल्लणै धरण. इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांना इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. साध्या इंजिनाचा मॅनिफोल्ड नागस्वरमच्या जातीचा असतो, टर्बोचा कल्लणैच्या.

पाच मिलिसेकंदांचा श्वास

पेट्रोल वाढवणं सोपं. अडतं ते हवेपाशी. १२०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे मारतं तेव्हा त्याला मिनिटाला ३,६०० लिटर हवा लागते. एका सिलिंडरला ४०० मिलिलिटर भरून घ्यायचे असतात आणि पिस्टनच्या त्या खेपेला वेळ मिळतो ५ मिलिसेकंद. साध्या इंजिनात हवेला आत ढकलायला वातावरणाच्या दाबाशिवाय कोणी नाही. मग इंजिनिअर नळीची लांबी सुरात लावतो.

झडप उघडून पिस्टन खाली ओढला गेला की नळीत विरळ हवेची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने, तंजावरच्या उन्हाळ्यात सेकंदाला सुमारे ३५० मीटरने, उलटी धावते. नळीचं दुसरं तोंड प्लेनम नावाच्या पेटीत उघडतं. तिथे आदळून लाट परतते ती रूप पालटून, दाबाची होऊन. झडप मिटण्याआधी ती पोचली तर जास्तीची हवा आत लोटते. उशीर झाला तर फुकट गेली. नळी ४० सेंटिमीटरची असेल तर या जाण्यायेण्याला २.३ मिलिसेकंद लागतात. ६,००० फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँक ८२ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना तोच मेळ हवा असेल तर नळी दुप्पट लागेल.

हा नुसता कागदी हिशेब नाही. क्रायस्लरने १९६० च्या '३००-एफ' गाडीत ३० इंचांच्या, म्हणजे ७६ सेंटिमीटरच्या नळ्या बसवल्या होत्या. त्यांचा सूर लावला होता २,८०० फेऱ्यांच्या आसपास. वेगाच्या शौकिनांसाठी त्याच इंजिनाला १५ इंचांच्या आखूड नळ्याही मिळत. त्यांनी वरच्या फेऱ्यांना ताकद वाढे, खालचा पिकअप मात्र कमी होई.

तिमिरी आणि बारी

नरसिंगम्पेट्टैच्या कारागिरांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. नागस्वरम हे आपल्या सनईचं थोरलं भावंड. ते आच्चा लाकडाचं करतात. हा आच्चा म्हणजे आपल्या खानदेशातल्या जंगलांतला अंजन. जुन्या घरांच्या तुळयांचं मुरलेलं लाकूड त्यासाठी पसंत करतात. पूर्वी आखूड, चढ्या सुराचं 'तिमिरी' चालायचं. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांनी लांब, खालच्या सुराचं 'बारी' प्रतिष्ठेला नेलं आणि ते घडवलं नरसिंगम्पेट्टैच्या रंगनाथन आचारींनी. २०२२ साली या गावच्या नागस्वरमला भौगोलिक मानांकन मिळालं.

फुंकणारी छाती तीच, नळी लांबली की सूर उतरतो. फरक एकच: वाद्यात पत्ती परतणाऱ्या लाटेचं ऐकून उघडमीट करते, इंजिनात लाटेला झडपेचं ऐकावं लागतं. काही गाड्यांच्या मॅनिफोल्डमध्ये पडदा फिरवून लांब किंवा आखूड वाट निवडता येते. तिमिरी आणि बारी एकाच पिशवीत बाळगण्यासारखंच ते.

वाटणीचा प्रश्न

टर्बोने प्रश्नच बदलला. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्या कल्पनेत धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू चक्र फिरवतो आणि ते चक्र हवा दाबून आत पाठवतं. दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५ अंशांची हवा १३० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते, म्हणून घनता दुप्पट न होता जेमतेम दीडपट होते. इंटरकूलरने तिला ५५ अंशांवर आणलं की ती पावणेदोनपटीच्या पुढे जाते.

आता लाटेची मनधरणी दुय्यम ठरते. पेटी लहान हवी, नाहीतर ती दाबाने भरेपर्यंत चालक पाय दाबून वाट पाहतो. नळ्या आखूड चालतात. भिंती आतला दाब सोसणाऱ्या हव्यात, मग त्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या का असेनात. आणि मुख्य म्हणजे वाटणी समान हवी.

इथे कल्लणै उपयोगी पडतं. परंपरा ते करिकाल चोळाच्या नावे सांगते. इथून कावेरी, वेण्णारु आणि ग्रँड अनिकट कालवा यांना पाणी वाटलं जातं, जादाचं कोळ्ळिडमकडे जातं. एका फाट्याने हक्कापेक्षा जास्त ओढलं की शेपटाकडचं शेत कोरडं राहतं. इंजिनातही पेट्रोल सगळ्यांना सारखं आणि एका सिलिंडरला हवा जास्त, असं झालं की तो तापतो, ठोके देऊ लागतो, आणि त्या एकट्यासाठी सगळ्या इंजिनाचा दाब उतरवावा लागतो. म्हणून एका टोकाने हवा घेणारी पेटी पुढे निमुळती करतात. फाटे फुटत जातात तसा पाटही अरुंदच करतात ना!

पुण्याजवळ रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल इंजिन २०१७ साली ११० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर घेऊन आलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या टियागोचं जवळपास तेवढ्याच सीसीचं, टर्बो नसलेलं इंजिन ८५ आणि ११४ देत होतं. हे आकडे पाहून लांबीचा सूर आता अडगळीत गेला असं वाटेल. पण सिग्नलवरून निघताना धुराड्यातला वायू अपुरा असतो, टर्बो अजून झोपेत असतो. तेवढा वेळ टर्बोचं इंजिनही साध्यासारखंच श्वास घेतं आणि नळीची लांबी पुन्हा मोजली जाते.

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायची रीत आहे. ते शेतात पोचेपर्यंत तंजावरचा शेतकरी रोपं बोअरच्या पाण्यावर जगवतो. पाट येणार म्हणून तो बोअर बुजवत नाही.