जाड टायर, घडीची सायकल आणि खारी हवा

घडी घालता येणारी, चार इंच जाडीच्या टायरांची ई-सायकल म्हणजे तीन निराळ्या गरजांची बांधलेली मोट. जाड टायर बर्फातून आले. अलास्कातल्या हिवाळी शर्यतींसाठी १९८०च्या दशकात हौशी सायकलस्वारांनी रुंद रिमांचे प्रयोग केले आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या सर्ली कंपनीच्या ‘पग्स्ली’ने असली सायकल दुकानात आणली. घडी शहरांतल्या लहान घरांसाठी आली. मोटर या दोन्हींचे ओझे वाहायला आली, कारण जाड टायर रस्त्यावर जड चालतो आणि बिजागरीची चौकट वजन वाढवते. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर या मोटेतले नेमके काय उपयोगी पडते, हे जाहिरातीतल्या छायाचित्रावरून कळत नाही. त्यात सायकल नेहमी पुळणीवर उभी असते.

पहिला आकडा मोटरच्या वॉटचा, कारण तो कायद्याला बांधलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, अर्धा तास सलग देता येणारी शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबत असेल, तर ती ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, विमा नको, लायसन नको. मात्र तो नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असावा लागतो. पुण्याच्याच ईमोटोरॅड कंपनीची ‘डूडल’ ही २० इंची चाकांची, चार इंची टायरांची घडीची सायकल २५० वॉटच्या वर्गातली आहे. परदेशी जाहिरातींत दिसणाऱ्या ५०० किंवा ७५० वॉटच्या गाड्या या चौकटीबाहेर जातात. त्यांना पॅडल असले तरी कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनेच, आणि नंबरप्लेटशिवाय ती अलिबाग-मुरूड रस्त्यावर आणणे हा गुन्हा.

२५० वॉट पुरतात का? मांडवा, अलिबाग, नागाव, रेवदंडा हा पट्टा बहुतेक सपाट आहे. तिथे पुरून उरतात. त्यापुढे डोंगर समुद्राच्या जवळ येतात आणि काशीद-मुरूडकडे रस्ता चढउतारांचा होतो. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर सहा टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जाण्यासाठी चाकापाशी सुमारे २२० वॉट लागतात. मोटरमधली काही शक्ती उष्णतेत जाते, म्हणून कमी पडणारी पायांनी द्यावी लागते. चाकाच्या हबमध्ये बसवलेली मोटर हळू फिरताना जास्त तापते. चढावर नुसता थ्रॉटल पिळणाऱ्याने तिच्याकडून तक्रारीशिवाय वर्षे काढण्याची अपेक्षा ठेवू नये.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे, फक्त विक्रेता तो करून दाखवत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे ३७४ वॉट-तासांची. पॅडल मारत गेले तरी जाड टायरांवर किलोमीटरला १० ते १५ वॉट-तास खर्च होतात, म्हणजे हाती २५ ते ३५ किलोमीटर. मांडवा धक्का ते अलिबाग अंतर सुमारे २० किलोमीटर, त्यामुळे जाऊन-येऊन करायचे तर अलिबागेत चार्जर लावावा लागेल किंवा परतीचा शेवटचा टप्पा निव्वळ पायांवर काढावा लागेल. ‘एका चार्जमध्ये ६० किलोमीटर’ हा दावा हलक्या स्वाराचा, सपाट रस्त्याचा आणि सर्वांत कमी मदतीचा असतो.

आता पुळण. टायर जमिनीला किती टेकतो हे त्यातल्या हवेच्या दाबावर ठरते. एका चाकावर ५० किलो भार असेल, तर ५० पीएसआय हवा भरलेला साध्या सायकलचा टायर १४ चौरस सेंटिमीटर एवढाच टेकतो. जाड टायर २० पीएसआयला ३५, आणि ७ पीएसआयला जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा टेकतो. भार पसरला की वाळूत रुतणे कमी होते. म्हणजे जादू जाडीपेक्षा हवा कमी ठेवता येण्यात आहे. वाळूसाठी हवा सोडायची तर परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी भरायलाही हवी. पंप बरोबर नसेल, तर जाड टायरचा अर्धा उपयोग घरीच राहिला.

शिवाय पुळण सगळीकडे सारखी नसते. अलिबागची ओली पुळण ओहोटीला इतकी घट्ट असते, की घोडागाड्या कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात. तिथे साधी सायकलही चालते. याउलट सुरूच्या बनालगतच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत २० इंची चाक जाड असूनही नांगरासारखे खुपसते आणि मोटर गुरगुरत राहते. या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यातच जाड टायर खरा कामाचा. त्यातही दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेवर अंडी घालतात. त्या कोरड्या वाळूत चाक नेणे सायकलच्या क्षमतेचा प्रश्नच नव्हे, ते टाळायचेच.

मग पुळणीबाहेर जाड टायर कुठे कामाचा? नागाव-चौलच्या सुपारीच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांत, जांभ्याच्या दगडांवर, पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर. २० इंची लहान चाक खड्ड्यात खोल पडते. टायरमधली हवा तो दणका झेलते, म्हणून सस्पेन्शन नसले तरी चालते. कालवे चिकटलेल्या खडकांपासून मात्र दूर राहावे. त्यांच्या धारेपुढे रबर टिकत नाही. चार इंची ट्यूब गावातल्या सायकलच्या दुकानात मिळेलच असे नाही, आणि मागचे चाक मोटरची वायर सोडवल्याशिवाय निघत नाही. म्हणून जास्तीची ट्यूब आणि बसणारा पाना सामानातच हवा.

घडीची परीक्षा दोन ठिकाणी घ्यावी. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढेमागे हलवली, की चौकटीच्या आणि हँडलच्या बिजागरीतली ढिलाई हाताला कळते. जरा जरी ‘टक’ जाणवले तरी ती सायकल घेऊ नये. दुसरी परीक्षा वजनाची. घडी झाली तरी २५-२८ किलो तेवढेच राहतात, आणि मुंबईहून येताना गेटवेच्या पायऱ्यांवरून हलत्या लाँचमध्ये तेवढे उचलणे हे एकट्याचे काम नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली आणि वाहने थेट बोटीत चढू लागली, तेव्हापासून घडीचे महत्त्व मोटारीच्या डिकीपुरते उरले आहे.

सगळ्यांत कडक परीक्षा मिठाची. खारी हवा चेन, स्पोक आणि ब्रेकच्या केबली आधी खाते. ॲल्युमिनियमच्या चौकटीतले पोलादी बोल्ट ओल्या मिठात गंजतात, आणि एकदा आवळून बसलेली बिजागरी पुन्हा उघडत नाही. ‘आयपीएक्स४’ हा शिक्का उडणाऱ्या पाण्यापुरता असतो. लाटेत चाक घालायची परवानगी तो देत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुणे, पुसणे, चेनला तेल देणे हे त्याच दिवशी व्हावे. प्रेशरचा फवारा मारू नये, तो पाणी हबमध्ये ढकलतो. तापलेली बॅटरी निवल्यावरच आणि डोळ्यांदेखत चार्ज करावी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असताना सायकल पडूनच राहणार असेल, तर बॅटरी काढून, निम्मी भरून, कोरड्या खोलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा तिचा चार्ज तपासावा.