कोयोट चालत बेटावर पोचले

माशी पाण्यात पडली की मरते, बरोबर? मग मोनो सरोवरावरची माशी बघा! अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी हे खारं सरोवर आहे. तिथली माशी खडकावरून चालत चालत सरळ पाण्यात उतरते. तिच्या अंगावर दाट केस आणि त्यांवर मेणाचा थर असतो. म्हणून पाणी अंगाला लागतच नाही, तिच्याभोवती हवेचा बुडबुडा तयार होतो. फक्त डोळे तेवढे बुडबुड्याबाहेर! बाईसाहेब पाण्याखाली शेवाळ खातात, अंडी घालतात आणि कोरड्या ठणठणीत वर येतात.

समुद्राच्या जवळजवळ अडीचपट खारट असलेल्या या पाण्यात एकही मासा जगत नाही. पण या माश्या आणि नखाएवढ्या कोळंब्या मात्र अगणित. म्हणजे पक्ष्यांची चंगळच! हजारो कुरव पक्षी इथल्या बेटांवर पिल्लं वाढवतात.

एवढा खारटपणा आला कुठून? बर्फ वितळून डोंगरातले ओढे वाहतात आणि येताना थोडे थोडे क्षार आणतात. सरोवरातून बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. आमटी फार आटली की खारट होते ना, तसंच. ओढे भर घालत असतात, तोवर हिशेब जमतो.

१९४१ साली दूरच्या लॉस एंजेलिस शहराने आपल्या नळांसाठी हे ओढेच वळवले. सरोवराला कुणी हातही लावला नव्हता. ते खारट पाणी पिणार कोण? तरीही १९८२पर्यंत पातळी सुमारे ४५ फूट खाली गेली, पाणी निम्मं झालं आणि खारटपणा दुप्पट! अशा पाण्यात माश्यांच्या अळ्यांची आणि कोळंब्यांची ताकद अंगातलं मीठ बाहेर टाकण्यातच संपते. मग त्या वाढणार कधी? उघड्या पडलेल्या तळावरची बारीक धूळ वाऱ्याबरोबर लोकांच्या नाकातोंडात जायला लागली, ती वेगळीच.

आणि सरोवरातलं नेगिट बेट? भोवतालचं पाणी आटून १९७९ साली ते किनाऱ्याला जोडलं गेलं. कोल्ह्याचे भाऊबंद असलेले कोयोट चक्क चालत तिथे पोचले. कुरवांना घरटी टाकून पळावं लागलं.

माणसं कोर्टात गेली. बरीच वर्षं भांडण चाललं. अखेर १९९४ साली ठरलं, की सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांवर आणायची. शहराला पाणी घेण्यावर मर्यादा आल्या. पातळी काहीशी वर आली, पण ठरलेल्या खुणेपर्यंत अजून पोचलेली नाही.

किनाऱ्यावर चुनखडीचे उंच, खडबडीत सुळके उभे आहेत. त्यांना तुफा म्हणतात. ते तयार होतात पाण्याखालीच. पाणी ओसरलं म्हणून दिसायला लागले. फोटो काढायला तिथे झुंबड उडते. पाणी वाढलं, तर यातले काही पुन्हा बुडतील. फोटोवाले हिरमुसतील खरे, पण माश्यांची मजा! त्यांच्या अळ्यांना कोष चिकटवायला पाण्याखालचा तुफाच तर हवा असतो.