माडखोलकर, गजानन त्र्यंबक

मराठी कादंबरीकार, समीक्षक व पत्रकार. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, मुंबईस. आधुनिक कविपंचक (१९२१) या समीक्षाग्रंथाने ते प्रसिद्धीस आले. काही काळ ते रविकिरण मंडळात होते. पुढे महाराष्ट्र या पत्रात काम करण्यासाठी नागपूरला गेले आणि तेथेच स्थिरावले. १९४४ मध्ये निघालेल्या नागपूरच्या तरुण भारतचे ते पहिले संपादक. कादंबरीकडे ते तिशीनंतर वळले. मुक्तात्मा (१९३३), भंगलेले देऊळ (१९३४), कांता यांसारख्या कादंबऱ्यांनी समकालीन राजकारण हा विषय मराठी कादंबरीत रूढ केला. त्यांचे नायक ध्येयनिष्ठा व स्त्रीविषयक ओढ यांत दुभंगलेले असतात. मात्र शृंगाराची गडद चित्रे व संस्कृतप्रचुर, अलंकृत भाषा यांमुळे राजकीय आशय पुष्कळदा झाकोळतो. ज्या राजकारणावर त्यांनी लिहिले, त्यापासून ते स्वतः अलिप्त नव्हते. त्यांच्या अध्यक्षतेखालील बेळगावच्या साहित्य संमेलनात (१९४६) संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, १९४८ मध्ये, त्यांच्या घराची जाळपोळ झाली. एका निर्वासिताची कहाणी या पुस्तकामागे हाच अनुभव आहे. १९७६ मध्ये ते निधन पावले.