कावासाकीची कारखाना-वारी: सुपरचार्जर कुठून आला आणि बोगीला तडा का गेला

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे बघा' काढलेत, बाकी सगळं बरंचसं तसंच ठेवलंय.

विषय निघाला तो एका श्रोत्याच्या प्रश्नामुळे. निंजा एच२ या बाईकचा सुपरचार्जर कावासाकीने घरीच का बनवला? सुपरचार्जर बनवणाऱ्या तयार कंपन्या आहेत, त्यांच्याकडून घेता आला असता की. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर फक्त बाईकच्या कारखान्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून आज आपण जरा लांबून जाऊ. नकाशा उघडा आणि कोबे शोधा.

कोबे बंदरापासून पश्चिमेला समुद्राच्या कडेकडेने रेल्वे जाते. या एका पट्ट्यात कावासाकीचे चार मोठे कारखाने येतात: कोबे, ह्योगो, आकाशी आणि हारिमा. (आकाशी हे गावाचं नाव. आपल्या आकाशाशी त्याचा काही संबंध नाही, पण तिथे आधी काय बनायचं ते कळलं की गंमत वाटेल.) लोकल आणि थोडी पायपीट केली तर चारही फाटकं एका दिवसात बाहेरून बघून होतील.

सुरुवात झाली ती जहाजांपासून. कावासाकी शोझो यांनी १८७८ मध्ये टोकियोत गोदी काढली, पुढे कामकाज कोबेला आलं आणि १८९६ मध्ये त्याची कंपनी झाली. ती गोदी आजही चालू आहे आणि तिथे जपानच्या नौदलासाठी पाणबुड्या बांधल्या जातात. जपानच्या पाणबुड्या दोनच कंपन्या बांधतात, कावासाकी आणि मित्सुबिशी, आणि दोघींच्याही गोद्या याच कोबे बंदरात. साहजिकच आत कोणी सोडत नाही. पण बंदरात फिरणाऱ्या बोटीतून नशिबाने साथ दिली तर एखादी काळी पाठ दिसते.

पाणबुडीचा इथे संबंध काय? पाणबुडी म्हणजे मुळात जाड पोलादाचं एक नळकांडं. बाहेरून पाण्याचा प्रचंड दाब येतो आणि कुठल्याही वेल्डिंगमध्ये खोट चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथून थोडं पुढे ह्योगो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे रेल्वेची इंजिनं आणि डबे बनतात. १९६४ ला शिनकानसेन सुरू झाली, तिचे डबे बनवणाऱ्यांत कावासाकी होती. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या चर्चेत सुरुवातीपासून ज्या ई५ गाडीचं नाव आपण ऐकत आलो, तीही कावासाकी आणि हिताची यांनी बांधलेली. ह्योगोकडे आपण परत येणार आहोत, आणि तेव्हा कारण फार चांगलं नसेल.

आता आकाशी. बाईकवाल्यांचं तीर्थक्षेत्र. पत्तासुद्धा आकाशी शहर, कावासाकी-चो! पण १९४० मध्ये हा कारखाना उभा राहिला तो विमानाच्या इंजिनांसाठी. डाइमलर-बेन्झच्या डीबी ६०१ या जर्मन इंजिनाचा परवाना घेऊन कावासाकी 'हा-४०' नावाचं बारा सिलिंडरचं इंजिन बनवत होती, ते 'हिएन' या लढाऊ विमानात बसायचं. १९ जानेवारी १९४५ ला अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी इथे बॉम्बफेक केली आणि कारखाना जवळपास निकामी झाला.

युद्धानंतर जपानला १९५२ पर्यंत विमानं बनवायला बंदी होती. विचार करा, विमानाचं इंजिन जमवणारे इंजिनिअर आणि फिटर हाताशी आहेत आणि काम नाही. त्यातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला १४८ सीसीचं एक छोटं इंजिन आलं, जे मोटरसायकलला लावता येईल असं. १९६० मध्ये आकाशीला खास मोटरसायकलचा कारखाना सुरू झाला, १९७२ ला ९०३ सीसीची झेड१ आली. पुढचं बाईकवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. मधली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. कावासाकीने १९६८ मध्ये अमेरिकेच्या युनिमेशन कंपनीशी करार केला आणि १९६९ ला जपानमध्ये बनलेला पहिला औद्योगिक रोबो बाजारात आणला. आज कार कारखान्यात वेल्डिंग करणारे हात दिसतात ना, त्यांची जपानी वंशावळ इथून सुरू होते.

त्याच १९६९ मध्ये गोदी, रेल्वे डबे आणि विमानं या कावासाकीच्या तीन वेगवेगळ्या कंपन्या एक होऊन कावासाकी हेवी इंडस्ट्रीज झाली. श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बाईकवाल्याला जेट इंजिनवाल्याशी बोलायचं असेल तर तो परक्या कंपनीचा माणूस नव्हता.

एच२ आली २०१५ च्या मॉडेल वर्षाला. सुपरचार्जरचं काम एवढंच की हवा दाबून इंजिनात ढकलायची. हवा जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं. हवा ढकलणारा भोवरा म्हणजे इम्पेलर. एच२ चा इम्पेलर ६९ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. फोर्जिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून तो पाच अक्षांच्या मशीनवर कोरून काढतात. टोकाशी सहा पाती, बुडाशी बारा. क्रँकशाफ्टच्या ९.२ पट वेगाने फिरतो, म्हणजे क्रँक मिनिटाला १४ हजार फेरे मारत असेल तेव्हा हा जवळपास १ लाख ३० हजार.

मी साधा हिशेब करून बघितला. ६९ मिमी व्यासाचा परीघ साधारण २१.७ सेंटीमीटर. गुणिले सेकंदाला सुमारे २,१५० फेरे. म्हणजे पात्याची बाहेरची कडा सेकंदाला ४६५ मीटर पळते. हवेत आवाज पळतो साधारण ३४० मीटरने. तुमच्या गुडघ्यांच्या मधोमध, पेट्रोलच्या टाकीखाली, ध्वनीपेक्षा जोरात फिरणारी वस्तू आहे! ती तुटायला नको, कंप पावायला नको आणि हवा फार तापवायलाही नको, कारण एच२ मध्ये दाबलेली हवा थंड करायला वेगळा इंटरकूलर नाही. हे गणित वर्षानुवर्षं करणारी माणसं कंपनीच्या गॅस टर्बाइन विभागात होती. म्हणून तो घरीच बनला. एच२आर या ट्रॅकसाठीच्या बाईकचे कार्बन फायबरचे पंख विमान विभागाच्या मदतीने आकाराला आले, आणि पुढे नदीच्या आकाराचं जे चिन्ह आहे ते कंपनीच्या गोदीच्या काळातलं. (कावा म्हणजे नदी.)

शेवटचा थांबा हारिमा. इथे अवजड लोखंडी काम चालतं. १९८१ मध्ये कावासाकीने जपानमध्ये बांधलेलं पहिलं एलएनजी वाहू जहाज पाण्यात उतरवलं, ते साकाइदेच्या गोदीत. एलएनजी लागतो उणे १६२ अंशांना. मग तानेगाशिमाच्या रॉकेट तळासाठी द्रवरूप हायड्रोजनच्या टाक्या बनवल्या, तो उणे २५३ ला. आणि मग हारिमाला जहाजावर बसेल अशी १,२५० घनमीटरची दुहेरी कवचाची टाकी तयार झाली, मधल्या पोकळीत निर्वात, थर्मासच्या बाटलीसारखी. ती 'सुइसो फ्रंटियर' या जहाजावर बसली आणि २०२२ च्या सुरुवातीला त्या जहाजाने ऑस्ट्रेलियातून कोबेला द्रवरूप हायड्रोजन आणला. २०२४ च्या जुलैमध्ये सुझुका ट्रॅकवर एच२ च्याच घराण्यातली एक बाईक हायड्रोजन जाळत धावली. जहाज, रॉकेट, बाईक असा हा प्रवास. मला हे आवडतं, लपवत नाही.

पण आता परत ह्योगो.

११ डिसेंबर २०१७. हाकाता स्टेशनहून नोझोमी ही शिनकानसेन टोकियोकडे निघाली. वाटेत कर्मचाऱ्यांना जळका वास आला, विचित्र आवाज ऐकू आला. तपासणीवाले चढले, बोलणी झाली, गाडी मात्र धावतच राहिली. तीन तासांहून जास्त धावल्यावर ती नागोयाला थांबवली. खाली वाकून बघितलं तर बोगीला तडा.

इथे एक खुलासा. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेवाल्यांची बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, ज्यावर अख्खा डबा टेकलेला असतो. त्या सांगाड्याच्या बाजूच्या तुळईचा तळ पूर्ण फाटला होता आणि तडा दोन्ही बाजूंनी सुमारे चौदा सेंटीमीटर वर चढला होता. जेमतेम तीन सेंटीमीटर पोलाद शिल्लक होतं. शिनकानसेनच्या इतिहासात 'गंभीर घटना' म्हणून नोंद झालेली ही पहिली.

बोगी कावासाकीची, २००७ सालची. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने कारण जाहीर केलं. ही तुळई म्हणजे पोलादी पट्टी वाकवून केलेली चौकोनी पेटी. तिच्या तळाला स्प्रिंगची बैठक वेल्ड करायची असते. वाकवताना तळ हवा तसा सपाट येत नव्हता, बैठक नीट टेकत नव्हती. मग कामगारांनी काय केलं? ग्राइंडर मारला. फुगीर भाग घासून सपाट केला, बैठक झकास बसली. आराखड्यात तळाची जाडी किमान ७ मिमी होती. घासून ती एका जागी ४.७ वर आली होती. सांगाडा घासायचा नाही, फार तर अर्धा मिमी, असा नियम कंपनीत होता. तो त्या पाळीवर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. तपासणीत बाकी मापं घेतली जात, घासल्यानंतरची जाडी कोणी मोजत नव्हतं. अशा १४६ बोग्या निघाल्या.

या कामगारांना मी आळशी म्हणणार नाही. उलट त्यांनी काम जुळवून आणलं. बैठक नीट टेकली पाहिजे हे त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ती टेकवली. पेटीचा तळ किती भार घेतो, हे मात्र ज्या खोलीत माहीत होतं ती खोली वेगळी होती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज करतो: टेस्ट पास व्हावी म्हणून कोड घासतो, आणि ती टेस्ट कशासाठी लिहिली होती ते सांगणारा माणूस दुसऱ्या टीममध्ये असतो. फक्त आमच्या कोडवर प्रवासी बसलेले नसतात. निदान बहुतेक वेळा.

मला यात सगळ्यात बोचतं ते काळाचं. २०१४ मध्ये याच कंपनीची कार्बन फायबरची बोगी कुमामोतोच्या रेल्वेवर धावायला लागली होती, विमानातलं साहित्य वापरून केलेली. म्हणजे विमान विभागातली विद्या रेल्वे विभागात पोहोचली होती, आणि त्यांच्याच गाडीखाली तीन वर्षांनी अर्ध्या मिमीचा नियम एका जिन्यावरून खाली न उतरल्याचं उघड झालं. दोन विभागांच्या प्रमुखांना जोडणं त्या मानाने सोपं, एच२ ने ते दाखवलं. ड्रॉइंग काढणारा आणि ग्राइंडर धरणारा यांना जोडायला रोज कोणीतरी फ्लोअरवर जावं लागतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पाणबुडीची गोदी विसरा. कोबेच्या मेरिकेन पार्कमध्ये सागरी संग्रहालयाच्या इमारतीत कंपनीचं 'कावासाकी वर्ल्ड' आहे, ते सगळ्यांना खुलं आहे. पहिल्या शिनकानसेनचा नाकाचा डबा, हेलिकॉप्टर आणि बाईकची रांग तिथे आहे. तिथून ह्योगो स्टेशनला जा. वादामिसाकी नावाचा जेमतेम पावणेतीन किलोमीटरचा फाटा तिथून निघतो. ह्योगोत बांधलेले अरुंद गेजचे नवे डबे याच रुळांवरून बाहेर पडतात. गाड्या मुख्यतः कारखान्यांच्या वेळेला, सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी गेलात तर रिकाम्या प्लॅटफॉर्मवर बसून राहाल.