असेंबल कॉम्प्युटरवर विंडोज ११ चं अपडेट अडलं? नवीन घेण्याआधी हे तपासा

शहापूर (ता. भंडारा) : धानाच्या हंगामात सेवा केंद्रातला कॉम्प्युटर अडला की काय होतं, ते सांगायला नको. सात-बारा निघत नाही, पीएम किसानची ई-केवायसी राहते, अन् चुरणी सोडून आलेला माणूस हात हलवत परत जातो. कित्येकदा मशीन बिघडलेलं नसतंच. अडलेलं असतं ते विंडोजचं अपडेट.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो असं नाही. तो चालतच राहतो, फक्त सुरक्षेच्या नवीन दुरुस्त्या येत नाहीत. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे. विंडोज अपडेटच्या पानावरूनच तिची नोंदणी होते, अन् मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते. हंगाम तोंडावर असेल तर घरच्या मशीनवर हीच घ्यावी, घाई करू नये.

आता असेंबल कॉम्प्युटरच का अडतो? कंपनीच्या तयार मशीनमध्ये सगळे भाग एकमेकांशी जुळवून दिलेले असतात. आपल्या डब्यात बोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्या, डिस्क तिसऱ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. बऱ्याच बोर्डांत ती असते, पण बंद ठेवलेली असते. मग स्क्रीनवर येतं, 'हा पीसी विंडोज ११ ला चालत नाही', अन् दुकानदार म्हणतो नवीन घ्या.

आधी हे पाहा. कीबोर्डवर विंडोज अन् आर ही बटणं सोबत दाबा, इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करून एंटर मारा. टीपीएम सापडत नाही असं आलं तर कॉम्प्युटर रिस्टार्ट करून लगेच डिलीट किंवा एफ-२ बटण दाबत राहा, बायोस उघडेल. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाची सेटिंग शोधा, चालू करा, सेव्ह करून बाहेर या. बिटलॉकर लावलेलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. तिच्याशिवाय डिस्क उघडणार नाही.

प्रोसेसरचं मात्र सेटिंगने भागत नाही. नुसतं 'आय-थ्री आहे' म्हणून चालत नाही, पुढचा आकडा पाहावा लागतो. ४१३० म्हणजे चौथी पिढी, ते बसत नाही. ८१०० म्हणजे आठवी, ते चालतं. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे, एएमडीमध्ये रायझन २००० पासून पुढे, असा मोटा हिशोब. रॅम किमान ४ जीबी सांगतात, पण ४ वर मशीन रखडतं. ८ असू द्या.

सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते ती सिक्युअर बूटला. जुनं विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं, डिस्क एमबीआर प्रकारची असते. बायोसमध्ये सीएसएम बंद केलं की कॉम्प्युटर विंडोजच शोधू शकत नाही अन् परत परत बायोसवर येतो. फाइली गेल्या नाहीत, घाबरू नका. सीएसएम पुन्हा चालू करा, विंडोज येतं. डिस्क आधी जीपीटी करावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे. हे काम बॅकअप घेऊनच करा, जमत नसेल तर मिस्त्रीकडून करवून घ्या. पण 'जीपीटी केलं का?' एवढं विचाराच. नाहीतर फॉरमॅट मारून मोकळे होतात, अन् गिऱ्हाइकांचे कागद स्कॅन करून ठेवलेले सगळे जातात.

अपडेट सुरू करण्याआधी प्रिंटर, पेन ड्राइव्ह अन् अंगठ्याचं मशीन काढून ठेवा. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी जागा करा. एरर कोडच्या शेवटी ७००७० आलं की समजा जागा कमी पडली. सी-१९००१०१ असं काही आलं तर बहुधा ड्रायव्हरचा गोंधळ. अन् लाइन जाण्याच्या वेळी तर बिलकुल नको. साधा यूपीएस थोडा वेळ तग धरतो, अपडेटला तासन् तास लागू शकतात. टक्के एकाच जागी थांबले तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटण दाबून बंद करू नका.

अपडेटनंतर नेट चालेना? लॅनचा ड्रायव्हर गेला असेल. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा अन् बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. अंगठ्याचं मशीन ओळखत नसेल तर त्याची आरडी सर्व्हिस काढून पुन्हा टाका. काहीच जमलं नाही तर सेटिंगमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं, पण फक्त १० दिवसांत. त्याआधी डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजच्या फाइली उडवल्या तर तोही रस्ता बंद.

अन् 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, अपडेट करून देतो, एनीडेस्क टाका' असा फोन आला तर ठेवून द्या. कंपनी असा फोन करत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला लावा.